बाबासाहेबांचे दुखरे पाय: मधुमेहातल्या नसांच्या वेदनेवर आज काय करता येतं?

रात्रीची जेवणं आटोपतात, घरातले दिवे मालवतात आणि नेमकी तेव्हाच तुमच्या पायांची आग सुरू होते. तळव्यांना मुंग्या येतात, मधूनच सुई टोचल्यासारखी कळ येते, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. दिवसभर कामाच्या नादात जे जाणवत नाही, ते रात्री झोपू देत नाही. तुमच्या घरात असं कुणाचं होत असेल, तर हा लेख त्यांच्यासोबत बसून वाचा.

आज आपण औषधांची यादी देऊन सुरुवात करणार नाही. आधी एका माणसाची गोष्ट सांगू. त्यांचं नाव छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर तुम्ही वाचलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटनेचं काम केलं, महाविद्यालयं उभारली, लाखो माणसांना नवी वाट दाखवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली शेवटची जवळपास नऊ वर्षं त्यांचे पाय दुखत होते, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

शरीराकडे पाहायला वेळ नव्हता

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकले. पैसे संपल्यावर मायदेशी परतले, नोकरी केली आणि १९२० मध्ये अपुरं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. तिथे दिवस दिवस ग्रंथालयात बसायचं आणि खाण्यात काटकसर करायची, असा त्यांचा क्रम होता. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, लंडनच्या गोलमेज परिषदा, हे सगळं एकामागून एक आलं. १९३५ मध्ये पत्नी रमाबाई गेल्या. घरात चार अपत्यांचे मृत्यू झालेले होते. रात्र रात्र जागून वाचन आणि लेखन करण्याची सवय मात्र सुटली नाही.

तुमच्या ओळखीतही अशी माणसं असतील. शेत, दुकान, मुलांची शिक्षणं, आईवडिलांचं आजारपण यांत स्वतःच्या तपासण्या मागे पडत जातात. मधुमेह गाजावाजा करत येत नाही. निदान होण्याआधी काही वर्षं साखर वाढलेली असू शकते आणि तेवढ्या काळात नसांचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं.

१९४८: मसुदा तयार झाला, झोप गेली

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली. समितीतले बरेच सदस्य या ना त्या कारणाने काम करू शकले नाहीत आणि मोठा भार अध्यक्ष असलेल्या बाबासाहेबांवर पडला. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर झाला. त्याच सुमारास त्यांच्या पायांतल्या नसांचं दुखणं वाढलं होतं आणि रात्रीची झोप उडाली होती. मधुमेहासाठी ते इन्सुलिन घेत होते, सोबत होमिओपॅथीची औषधंही चालू होती.

मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे त्यांचे उपचार चालत. त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्या एमबीबीएस झालेल्या. पथ्यपाणी सांभाळणारं आणि वैद्यकाची जाण असणारं कुणीतरी सतत सोबत असावं, असा डॉक्टरांचा सल्ला होता. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचं लग्न झालं. पुढे त्या माईसाहेब म्हणून ओळखल्या गेल्या.

इतक्या वर्षांनी दुरून निदान करणं डॉक्टरला शोभत नाही. पण मधुमेह, पायांतल्या नसांचं दुखणं आणि हरवलेली झोप हे त्रिकूट आम्ही आजही रोज पाहतो. त्याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात.

नसा का दुखतात?

मेंदूपासून मणक्यातून निघालेल्या नसा म्हणजे घरभर फिरवलेल्या विजेच्या तारा समजा. सगळ्यांत लांब तार पायाच्या बोटांपर्यंत जाते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि खुद्द नसांचे धागे खराब होतात. लांब तारांना हा मार आधी बसतो. म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो आणि मोजे घातल्यासारखा वर चढत जातो.

खराब झालेली नस दोन प्रकारे वागते. कधी ती काहीच कळवत नाही, म्हणजे पाय बधिर होतो. कधी इजा नसतानाही इजेचे संदेश पाठवत राहते, म्हणजे आग होते, चमका येतात. एकाच पायात दोन्ही असू शकतं. त्यामुळे पाय दुखतोय म्हणजे त्याला सगळं जाणवतंय, असं धरून चालू नका.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. इतके दिवस संदेश येत राहिले की मणका आणि मेंदूही जास्त संवेदनशील होतात. तपासणीत पाय वरून ठणठणीत दिसतो आणि रुग्ण मात्र कळवळतो. घरच्यांनी याला नाटक किंवा मनाचे खेळ समजू नये. दुखणं खरं असतं.

त्या काळी डॉक्टरांच्या हातात काय होतं?

इन्सुलिनचा शोध १९२१ चा, म्हणून बाबासाहेबांना ते मिळू शकलं. पण घरी बोटाला टोचून साखर पाहण्याचं यंत्र नव्हतं. लघवीत साखर उतरते का, यावर बराचसा अंदाज बांधला जाई. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी अजून यायची होती. दुखण्यासाठी अॅस्पिरिनसारख्या गोळ्या, फार झालं तर अफूपासून बनलेली औषधं, शेक आणि मालिश, एवढंच होतं. नसांच्या दुखण्यावर आज आम्ही जी औषधं लिहून देतो, त्यांतलं एकही तेव्हा बाजारात नव्हतं.

आणि तरी काम चालू राहिलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी मसुदा संविधान सभेपुढे मांडला. पुढचं वर्षभर कलमा-कलमावर चर्चा झाली, दुरुस्त्या आल्या, त्यांना उत्तरं द्यावी लागली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली.

औरंगाबादचं महाविद्यालय

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तोवर इथल्या मुलाला पदवी घ्यायची तर बहुधा हैदराबादचा रस्ता धरावा लागे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळालं आणि तो परिसर नागसेनवन झाला.

याच दिवसांत दिल्लीत हिंदू कोड बिलाची लढाई चालू होती. ऑगस्ट १९५१ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना कळवलं की प्रकृती ठीक नाही, डॉक्टरांना दीर्घ उपचार करायचे आहेत आणि त्याआधी हे बिल मार्गी लागावं. म्हणजे उपचार त्यांनी कामासाठी पुढे ढकलले. बिल रखडलंच आणि सप्टेंबरअखेर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

इथे थोडं थांबू या. उपचार पुढे ढकलण्याच्या या गोष्टीकडे आपण आदराने पाहतो आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या आईने किंवा वडिलांनी तसंच करावं, असा त्याचा अर्थ नाही. बाबासाहेबांसमोर औषधांचे पर्याय फारसे नव्हते. तुमच्यासमोर आहेत.

आज कोणते पर्याय आहेत?

*मूळ कारणावर उपचार.* साखर नियंत्रणात ठेवली तर नसांचं पुढचं नुकसान कमी होतं. झालेलं नुकसान मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही. साखर फार वाढलेली असेल तर ती घाईने खाली आणू नये. तसं केल्यास काही जणांचं दुखणं काही काळ उलट वाढतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, त्यात आहार शाकाहारी असेल, तर बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी झाल्यानेही पायांची आग होते आणि त्यावर सोपा उपचार आहे. थायरॉईडचे विकार, मूत्रपिंडाचे आजार आणि दारू हीदेखील कारणं असू शकतात.

*नसांच्या दुखण्याची औषधं.* प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन ही औषधं मुळात फिट्ससाठीची. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही नैराश्यासाठीची. चिठ्ठीवर ती पाहून मेडिकलवाल्याने काही सांगितलं की घरचे घाबरतात. रुग्णाला फिट्स किंवा वेड लागलेलं नाही. हीच औषधं नसांचे चुकीचे संदेश शांत करतात, म्हणून दिली जातात. सुरुवात छोट्या डोसने, बहुधा रात्री होते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून सोडू नका. चांगला गुण आला तरी एकदम बंदही करू नका.

या औषधांनी झोप येणं, गरगरणं, तोंडाला कोरड पडणं, पायांवर सूज येणं असे त्रास होऊ शकतात. वयस्कर माणूस रात्री उठताना पडणार नाही, याची काळजी घ्या. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. औषध किंवा डोस बदलावा लागतो.

*साध्या वेदनाशामक गोळ्या.* डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या सुजेच्या दुखण्यावर चालतात, नसांच्या आगीवर फारशा चालत नाहीत. मधुमेहात मूत्रपिंड आधीच नाजूक असतं. मेडिकलमधून परस्पर आणून त्या महिनोन्‌महिने घेणं धोक्याचं आहे. ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गातली औषधं इतर उपाय थकल्यावर, थोड्या काळासाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

*वरून लावायचे उपाय.* मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन मलमात वापरतात. सुरुवातीला ते झोंबतं, मग हळूहळू त्या जागेच्या नसांची जाणीव मंदावते. जखमेवर लावू नका आणि लावल्यावर हात साबणाने धुवा. जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्याही मिळतात.

*औषधांपलीकडचे उपाय.* रोजचं चालणं, फिजिओथेरपी, टेन्स नावाच्या यंत्राने दिलेले हलके विद्युतझटके, झोपेची नीट वेळ आणि वेदनेसोबत जगणं शिकवणारं समुपदेशन, यांचा उपयोग होतो. समुपदेशन सुचवलं म्हणजे दुखणं खोटं ठरवलं, असं समजू नका.

*वेदनातज्ज्ञ.* इतकं करूनही भागत नसेल तर वेदना चिकित्सालयात जाता येतं. तिथले डॉक्टर बहुतेक वेळा भूलतज्ज्ञ असतात. मोजक्या रुग्णांत मणक्याजवळ छोटं यंत्र बसवून वेदनेचे संदेश दाबले जातात. हा उपाय खर्चिक आहे आणि सगळ्यांना लागत नाही.

अपेक्षाही नीट ठेवू या. वेदना ३० ते ५० टक्क्यांनी कमी झाली, रात्रीची झोप लागू लागली आणि चालता येऊ लागलं, तर उपचार चांगला चालला आहे असं आम्ही मानतो. दुखणं शून्यावर आलं नाही म्हणून डॉक्टर बदलत राहू नका.

१९५४: अंथरुणावरचे महिने

जून ते ऑक्टोबर १९५४ हा काळ बाबासाहेबांना बहुतांशी अंथरुणात काढावा लागला. औषधांचे दुष्परिणाम आणि अधू होत चाललेली नजर, अशी कारणं त्यांच्या चरित्रांत दिलेली आहेत. वाचनावर जगणाऱ्या माणसाची नजर जाणं म्हणजे काय, याची कल्पना करा. तरी डिसेंबरमध्ये ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, मधुमेहाचा माणूस दुखऱ्या पायांसाठी आला तरी डोळे, मूत्रपिंड आणि हृदय तपासायला हवंच; वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करा. दुसरी, घेत असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा. काढा, भस्म, पुड्या, होमिओपॅथीच्या गोळ्या, शेजाऱ्याने दिलेलं तेल, सगळं एका पिशवीत घालून न्या. रागावतील म्हणून लपवू नका आणि दुसऱ्या कशाच्या भरवशावर इन्सुलिन बंद करू नका.

सोबतच्या माणसांचं काम

शेवटच्या वर्षांत बाबासाहेब काठीच्या किंवा कुणाच्या तरी खांद्याच्या आधाराने चालत. माईसाहेब इन्सुलिन आणि पथ्य पाहत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली, तेव्हाही हाताशी काठी होती. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूला गेले. डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत बुद्ध आणि त्याच्या धम्मावरच्या ग्रंथाचं काम हातावेगळं होत होतं. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय चेपून दिले. रात्री प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ ठेवून घेतले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतल्या राहत्या घरी, झोपेतच त्यांचं निधन झालं.

पाय चेपून देणारा हात मोठा आधार असतो. फक्त बधिर पाय जोरात रगडू नका आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. भाजलेलं रुग्णाला कळत नाही. रोज रात्री चेपताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. भेग, फोड, लालसर चट्टा दिसतो का, ते बघा. रुग्णाची नजर कमी असेल तर हे काम तुमचंच आहे.

आपल्या भागातल्या लोकांना एक खास सूचना. खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून अनवाणी चालत जाण्याची अनेकांची श्रद्धा असते. वेरूळला घृष्णेश्वराच्या आवारातली फरशी उन्हाळ्यात तापलेली असते. पाय बधिर असणाऱ्यांनी अनवाणी जाऊ नये. फोड आल्याचं घरी आल्यावर दिसतं आणि त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा जावं?

- पायावर जखम, फोड, पू किंवा काळसर डाग दिसला तर, दुखत नसलं तरी
- एक पाय अचानक सुजून लाल आणि गरम झाला तर
- पायात अचानक अशक्तपणा आला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर
- चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर (हे नसांऐवजी रक्तवाहिन्यांचं दुखणं असू शकतं)
- वेदनेमुळे जगणं नको, असे विचार येत असतील तर

प्रश्न विचारा

मिलिंद हे नाव कुठून आलं, हे नागसेनवनात शिकलेल्यांना माहीत असेल. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. भिक्खू नागसेनांना तो प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिला आणि समाधान होईपर्यंत थांबला नाही. बाबासाहेबांच्या महाविद्यालयाला या प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव आहे.

दवाखान्यात मात्र आपण गप्प बसतो. पुढच्या भेटीला जाताना कागदावर चार प्रश्न लिहून न्या. माझं दुखणं नसांचं, सांध्यांचं की रक्तवाहिन्यांचं? हे औषध कशासाठी आणि गुण यायला किती दिवस? कोणता त्रास झाला तर तुम्हाला कळवायचं? माझ्या पायांची जाणीव तपासली का? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. नायलॉनच्या बारीक धाग्याने तळव्याला स्पर्श करून पाहायची ही तपासणी काही मिनिटांची असते आणि तिने दुखत नाही.

नागसेनवनापासून घाटी रुग्णालय काही लांब नाही. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते १९५६ मध्ये, म्हणजे बाबासाहेब गेले त्याच वर्षी. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर पायांची आग सहन करत घरी बसू नका. सरकारी रुग्णालयात मधुमेहाची तपासणी होते आणि नसांच्या दुखण्यावरची जुनी, स्वस्त औषधंही असतात. आजची रात्र जागून काढावी लागली, तर उद्या सकाळी केस पेपर काढा.

हा लेख माहितीसाठी आहे. त्यात वाचलेलं कोणतंही औषध तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नका.